तुलनेसाठी तिसरं घर

१

तुमच्या घराची किंमत तुमच्या घरात पाहून कळत नाही, ती शेजारच्या घरांत शोधावी लागते, असं तो लोकांना समजावून सांगायचा. तुमच्याच आसपासची, तुमच्यासारखी, वर्षभरात विकली गेलेली तीन घरं शोधायची. ती कितीला गेली ते पाहायचं. मग तुमच्या घरात आणि त्या घरांत फरक काय, याचा तक्ता मांडायचा. तिकडे एक खोली जास्त असेल तर तेवढे वजा, तिकडचा जिना मोडका असेल तर तेवढे जमा. सगळे फरक असे फेडत फेडत शून्यावर आणले, की शेवटी उरेल ती तुमच्या घराची किंमत. तीन घरं लागतातच. दोन घरांवर अहवाल कुणी घेत नाही आणि चौथं कुणी वाचत नाही.

सव्वीस वर्षं तो हे काम करत होता. ते शिकायला तो कुठल्या कॉलेजात गेला नव्हता. एका म्हाताऱ्या व्हॅल्युअरच्या मागे आधी पिशवी धरून फिरला, मग फीत धरून, आणि म्हाताऱ्याची नजर गेल्यावर पेन धरून. आता सगळे लेझरच्या यंत्राने मापं घेत. त्यानेही ते यंत्र दोनदा विकत घेतलं आणि दोनदा कपाटात ठेवून दिलं. त्याच्याकडे शंभर फुटी कापडी फीत होती, चामड्याच्या गोल डबीत गुंडाळलेली, टोकाला पितळी कडी. धंद्यातले लोक त्याला फीतवाले म्हणत, आणि तो ओ देई.

फितीला दोन माणसं लागतात, एक कडी धरायला आणि एक आकडा वाचायला. कुणी नसेल तर तो कडीवर वीट ठेवायचा, पण ते त्याच्या जिवावर यायचं. वीट सरकली तरी सांगत नाही, असं त्याचं म्हणणं.

पाहिलेल्या प्रत्येक घराचं पाहणीपत्रक तो वहीत उतरवून ठेवी. उंबरा, फरशी, नळ, खिडक्या, विक्रीचं कारण. एकही रकाना कोरा सोडायचा नाही. अशा एक्केचाळीस वह्या झाल्या होत्या, आणि त्यांत न पाहिलेलं असं एक अक्षर नव्हतं.

२

ताईच्या घराचं काम त्याने घ्यायलाच नको होतं.

घर ताईच्या सासऱ्यांचं. पुढची खोली, स्वयंपाकघर, निजायची खोली, आणि चौदा फुटी बोळाच्या टोकाला मागची खोली. सासरे कधीच गेले होते. तीन वर्षांपूर्वी ताईचे यजमान गेले, आणि आता घर अर्धं ताईचं, अर्धं तिच्या धाकट्या दिराचं. दिराचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता, पण त्याला त्याचा हिस्सा हवा होता. ठरलं असं, की घराची किंमत काढायची. ताईला बँकेकडून थोडं घेऊन निम्मी रक्कम जमवता आली तर घर तिचं. नाही तर विकायचं, आणि ताईने लेकीला घेऊन भाड्याची खोली बघायची.

"किंमत पाहुण्यांनीच काढावी," दीर म्हणाला होता. "वहिनींचे भाऊ असले म्हणून काय झालं? तो माणूस स्वतःच्या घरालासुद्धा इंचभर खोटं लावणार नाही."

मापं घेताना कडी धरायला भाची होती. चिमी. वीस वर्षांची, तोंडाचा पट्टा सतत चालू. नखं रंगवायची ती फक्त डाव्या हाताची. उजव्या हाताने डावा हात नीट रंगवता येतो, डाव्याने उजवा येत नाही, म्हणून तो तिने सोडूनच दिला होता.

मागची खोली तिची. भिंतीला टेकून पलंग, वर कपड्यांची दांडी, आणि एकच खिडकी, जिच्यातून दुपारपर्यंत ऊन यायचं.

"मामा, धरलंय! अगदी भिंतीला चिकटवून. श्वाससुद्धा घेत नाहीये."

"श्वास घे. हात हलवू नकोस, म्हणजे झालं."

फीत ताणली. "अकरा फूट चार," त्याने वाचलं आणि वहीत लिहायला घेतलं.

"सोडू?"

"लिहून होऊ दे."

"मामा, सोडू?"

"लिहून झाल्याशिवाय सोडायचं नाही, कितींदा सांगू? हं. सोड."

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. ताई बाहेरून आली होती. बोळातून तिचा आवाज आला, "चिमे, मागे कोण आहे गं?"

"मामा आहे," चिमी ओरडली. "माप घेतोय!"

"अगं मग त्याला पाणी तरी विचारलंस का?"

"तो पाण्याचंही माप घेईल, आई!"

तो हसला. नऊ फूट दहा, दुसरी बाजू. खोल्या चार. त्याने नकाशा काढला, नेहमीसारखा पट्टी लावून.

३

पहिली दोन घरं दोन दिवसांत सापडली. दोन्ही ताईच्याच गल्लीतली, पण नव्याने दुरुस्त करून, रंगवून विकलेली. सगळे फरक वजा केले तरी आकडा ताईच्या आवाक्याबाहेर जात होता. कुठेतरी एखादं कमी भावात गेलेलं घर असेल म्हणून त्याने नोंदणी कार्यालयातली वर्षभराची यादी चाळली, दलालांना फोन केले, सहा दिवस पायपीट केली. नव्हतं.

सातव्या दिवशी तो ताईकडे गेला, तर ती स्टुलावर चढून माळ्यावरची भांडी काढून कागदात गुंडाळत होती.

"हे काय चाललंय?"

"काही नाही रे. आत्ताच आवरून ठेवलं म्हणजे मग घाई नको." ती खाली उतरली. "तू मनाला लावून घेऊ नकोस. जे असेल ते लिही."

त्या संध्याकाळी त्याने आयुष्यात पहिल्यांदा न पाहिलेलं घर लिहिलं.

खोटंच लिहायचं तर निदान कुणाच्या खऱ्या घराला ते चिकटायला नको, एवढा विचार त्याने केला. पलीकडच्या गल्लीत सोळा नंबरनंतर एकदम अठरा येतो. मधे सायकल जेमतेम जाईल एवढी फट आणि एक पावसाळी नळ. सतरा नंबर का नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने सतरा नंबर घेतला.

पण पत्रकातले रकाने कोरे कसे सोडायचे? आणि घर मनाने रचायची त्याला सवय नव्हती. तेव्हा त्याने ताईचंच घर उतरवलं. पायरीचा डावा कोपरा उडालेला. स्वयंपाकघरातला नळ बंद केल्यावर दोन थेंब गाळणारा. बोळ चौदा फूट. भाव कमी का, हे दाखवायला काहीतरी उणं हवं होतं, म्हणून त्याने लिहिलं: खोल्या तीन, मागील बाजू बंद. राहिला विक्रीच्या कारणाचा रकाना. तिथे त्याचं पेन बराच वेळ थांबलं. मग घाईची विक्री पटण्यासारखं जे सुचलं ते त्याने लिहिलं.

घरात कोणी राहिले नाही.

तक्ता छान जमला. एका खोलीचा फरक सोडला तर सगळीकडे शून्य. आकडा ताईला झेपेल असा आला. दिराने अहवालाचं शेवटचं पान तेवढं पाहिलं आणि सही केली. ताईने गुंडाळलेली भांडी पुन्हा माळ्यावर लावली. चिमी म्हणाली, "मामा, तू देव आहेस, फक्त कपडे जरा बरे घालत जा."

४

तीन आठवड्यांनी मॅडमचा फोन आला. मॅडम म्हणजे त्याच्याच धंद्यातली, त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान, हुशार आणि तिखट बाई.

"फीतवाले सर, तुमच्या ताईंच्या कर्जाची फाईल बँकेने माझ्याकडे तपासायला दिलीय. म्हटलं, आधी तुम्हाला फोन करावा."

"बोला ना."

"तिन्ही घरं पाहून आले. पहिली दोन ठीक. तिसऱ्यात मात्र मी तुम्हाला पकडलं!"

टेबलावरची फितीची डबी त्याने उगाचच उघडली आणि मिटली.

"सतरा नंबर," ती म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं. "तुम्ही तीन खोल्या लिहिल्यात. चार आहेत, सर! बोळाच्या टोकाला मागे एक खोली आहे. फीतवाल्यांची अख्खी खोली राहिली! मी तर ही गोष्ट सगळ्यांना सांगणार आहे."

"सतरा?" तो म्हणाला.

"सोळा आणि अठराच्या मधलं. दुसरं सतरा कुठे आहे? बाकी तुमचं एकेक अक्षर बरोबर. नळसुद्धा दोनच थेंब गाळतो. मी मोजले, तुमची शपथ." ती थांबली. "एका खोलीने बँक काही अडून बसणार नाही. मी मंजूर म्हणून लिहिते. फक्त सांगा, घर तुम्ही स्वतः पाहिलंय ना? तसा रकाना आहे."

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. त्याला माळ्यावर परत लावलेली भांडी आठवली.

"हो," तो म्हणाला. "मीच पाहिलं."

फोन ठेवल्यावर त्याने स्वतःला समजावलं. बाई गेलीच नसेल. घरी बसून त्याच्याच अहवालावरून तपासणी लिहिली असेल, धंद्यात असे पुष्कळ आहेत. आणि त्याला कोंडीत पकडायला एक खोली आपल्या पदरची घातली असेल. हे पटण्यासारखं होतं. दहा मिनिटं पटलंही.

मग तिने फोटो पाठवला. तीन पायऱ्या, वर उघडं दार. सगळ्यात खालच्या पायरीचा डावा कोपरा उडालेला होता.

५

फोटो ताईच्याच घराचा आहे, हे त्याच्या मनाने लगेच घेतलं. बाई गल्ली चुकली, दुसरं काय. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खात्री करायला ताईकडे गेला. पायरी तीच होती. तो मनात हसला आणि आत गेला.

बोळातून जाताना त्याला वाटलं, आपण फार लवकर पोचलो.

समोर भिंत होती. पांढरी, थोडी मळकी, वर खिळ्याला कॅलेंडर. कॅलेंडरखाली चपलांची मांडणी. मांडणी तिथे कित्येक वर्षं असावी, कारण तिच्या पायांचे डाग फरशीवर उठले होते.

"चिमे," त्याने हाक मारली.

ती पुढच्या खोलीतून आली. सोफ्यावर तिचं अंथरूण अजून गुंडाळायचं होतं. "काय रे मामा? भिंतीला काय बघतोयस?"

"तुझी खोली कुठे आहे?"

"माझी खोली!" ती हसली. "आई, ऐक, मामा मला खोली देतोय. अरे, जन्मापासून सोफ्यावर झोपते मी. काढायचीच असेल तर गच्ची असलेली काढ."

ताई हात पुसत आली. "काय झालं?"

"मागची खोली, ताई. बोळाच्या टोकाची."

"कुठली मागची?" ताई त्याच्याकडे बघत राहिली. "मी लग्न होऊन आले तेव्हापासून तीनच खोल्या आहेत. तुझी तब्येत बरी आहे ना रे? घरोघरी फिरून सगळी घरं एकात एक मिसळली असतील."

त्याने डबी उघडली. चिमीने न सांगता कडी घेतली, कॅलेंडरखालच्या भिंतीला लावली. "धरलंय." त्याने वाचलं. चौदा फूट. बोळ बरोबर होता. बोळाच्या पलीकडचं काही नव्हतं. त्याने वही काढली. तिथे त्याचंच अक्षर, पट्टी लावून काढलेला नकाशा, चौथी खोली, अकरा चार बाय नऊ दहा. शाईच्या रेघेवर बोट फिरवलं तर बोटाला रेघ लागत होती.

"सोडू?" चिमीने विचारलं.

त्याचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. डाव्या हाताचा रंग अर्धा उडाला होता. का कोण जाणे, तो हात त्याला जरा दूर वाटला. चौदा फुटांवर असतो त्याहून दूर.

"सोड," तो म्हणाला.

पुढे कितीतरी वेळा त्याला वाटलं, तेव्हा तो शब्द उच्चारायला नको होता.

६

दोन दिवस त्याने वह्या तपासल्या. एक्केचाळीस वह्यांत दुसरीकडे कुठेही चूक नव्हती. तिसऱ्या दिवशी त्याने ठरवलं, आता खरं सांगून टाकायचं. सतरा नंबर खोटा आहे, अहवाल मागे घेतो. घर विकलं जाईल, ताई भाड्याने राहील, दीर तोंड बघणार नाही, धंदा बुडेल. बुडो. तो थेट चष्म्याच्या दुकानात गेला.

दीर एका आजोबांच्या डोळ्यांना काचा लावून फळ्यावरची अक्षरं वाचून घेत होता. आजोबा गेल्यावर त्याने खुर्चीकडे बोट केलं. "बसा पाहुणे. तुमचाही नंबर वाढलेला दिसतोय. डोळे बारीक करताय."

"मला अहवालाबद्दल बोलायचंय. सतरा नंबरबद्दल."

"अहो, मीच तुमची माफी मागणार होतो." दीर काच पुसत खालच्या आवाजात म्हणाला. "रागावू नका. सही केली, पण मन खात होतं. वाटलं, बहिणीसाठी भाऊ काय करणार नाही? म्हणून परवा स्वतः जाऊन पाहून आलो. हुबेहूब आपलंच घर! वर एक खोली जास्त. आणि तरी त्या भावात गेलं. मग माझी तक्रारच नाही. तुमच्यावर शंका घेतली, चुकलंच माझं."

"तुम्ही आत गेला होतात?"

"दार उघडंच होतं. मागच्या खोलीत एक मुलगी होती. वीसेक वर्षांची. अंधारात उभी होती, नीट दिसली नाही. मला म्हणाली, मापं लिहून झाली का? म्हटलं, मापं घेणारे दुसरे, मी नुसता बघायला आलोय. तर गप्प बसली."

"चिमीसारखी होती?"

"कुणासारखी?"

"चिमी. तुमची पुतणी."

दिराने काच खाली ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, काळजी होती. "पाहुणे," तो हळूच म्हणाला, "दादा-वहिनींना मूलबाळ नाही. तुम्हाला ठाऊक नाही का? या, बसा या खुर्चीत. पाणी देतो."

७

ताईच्या दारात एकच चपलांचा जोड होता.

ती पुढच्या खोलीत सोफ्यावर बसली होती, हात मांडीवर ठेवून. टीव्ही बंद. समोर एक कप.

"ताई, चिमी कुठे गेलीय?"

"कोण रे?"

त्याने पुन्हा विचारलं नाही. मांडणीवर नखांच्या रंगाची छोटी बाटली होती, झाकणाला वाळलेला रंग चिकटलेला. ती त्याने तिच्यासमोर धरली. "हे कुणाचं?"

ताईने बाटली हातात घेतली, उलटसुलट पाहिली. "माझी असेल." मग आपल्या नखांकडे पाहिलं. ती कोरी होती. "का रे, असं का विचारतोस? कुणाची असायला हवी?" तिचे डोळे भरले, आणि ते कशाने भरले हे तिला कळत नव्हतं. "घर कसं मोकळं मोकळं वाटतंय काही दिवस. स्वयंपाक करते तो उरतो. मी दोघांचा का करते, मलाच ठाऊक नाही."

त्याने तिथेच उभ्या उभ्या वही काढली, सतरा नंबरचं पान उघडलं आणि त्यावर काट मारली. एकदा, दोनदा, कागद फाटेपर्यंत. फाटक्या कागदातून खालच्या पानावरचं ताईचं घर दिसलं. नकाशात तीन खोल्या होत्या. पट्टी लावून काढलेल्या, त्याच्याच शाईत. सतरा नंबरच्या पानाचा तळाचा रकाना तेवढा काटेखाली आला नव्हता. घरात कोणी राहिले नाही.

"ताई, ऐक. तू इथून हलू नकोस. या सोफ्यावरून उठूसुद्धा नकोस. मी तासाभरात येतो."

"मी कुठे जाणार?" ती म्हणाली, आणि हसायचा प्रयत्न केला. "मागे एक वाटी आमटी ठेवलीय. आलास की गरम करून देते."

"मागे कुठे?"

ताईने बोळाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. "अरे हो. मागे काय आहे?"

८

सकाळचे साडेअकरा झाले होते. गल्लीत ऊन होतं. सोळा नंबरच्या बाई दोरीवर चादरी वाळत घालत होत्या, अठरा नंबरमध्ये रेडिओ चालू होता. मधे तीन पायऱ्या होत्या आणि उघडं दार. पावसाळी नळ त्या दारालगत सरळ वर गेला होता, जणू नेहमीच तसा होता.

डावा कोपरा उडालेल्या पायरीवर त्याने पाय ठेवला आणि वर गेला.

पुढच्या खोलीत काही सामान नव्हतं. फरशी स्वच्छ. स्वयंपाकघरात नळाने एक थेंब गाळला, मग दुसरा, मग थांबला. सगळं त्याने लिहिलं होतं तसं होतं. जे लिहिलं नव्हतं ते इथे नव्हतंच: भिंतींना खिळे नाहीत, दारांना बोटांचे डाग नाहीत, कसलाही वास नाही. बाहेरचा रेडिओ उंबऱ्याशीच थांबला होता.

बोळाच्या टोकाला भिंत नव्हती, दार होतं. सताड उघडं. आत काळोख होता. वेळ भर दुपारच्या आधीची, खिडकी त्याच दिशेला हवी, पण त्यानेच लिहिलं होतं, मागील बाजू बंद.

"चिमे?"

काही नाही.

उंबऱ्यापर्यंत गेल्यावर त्याचे पाय पुढे जाईनात. अशा वेळी माणूस जे करत आला तेच करतो. त्याने डबी काढली. माप आलं तर खोली खरी, नाही आलं तर आपले डोळे आणि डोकं तपासून घ्यायचं, एवढाच हिशेब त्याला त्या क्षणी जमला. वीट नव्हती. त्याने पितळी कडी फरशीवर ठेवली, बुटाच्या टोकाने उंबऱ्याच्या आत सारली, आणि फीत सोडत बोळातून मागे मागे गेला, पुढच्या खोलीपर्यंत. आता ओढली की कडी खरखरत परत येईल. त्याने ओढली.

फीत ताणली गेली. फरशीवरून उचलली गेली आणि कमरेच्या उंचीवर स्थिर झाली.

"मामा, धरलंय."

९

दाराच्या कडेला, काळोख जिथे सुरू होत होता तिथे, कडीभोवती दोन बोटं होती. डाव्या हाताची. रंग अर्धा उडालेला. बाकी काही दिसत नव्हतं, आणि दिसायला हवं एवढ्या अंतरावर तर तो नक्कीच होता.

"तशीच राहा," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "मी येतो. कडी सोडू नकोस."

तो एक पाऊल पुढे गेला. फीत सैल पडायला हवी होती. ती गोळा करायला त्याने अंगठा डबीच्या फिरत्या मुठीवर ठेवलाही होता. पण मूठ उलटी फिरली. डबीतून फीत आणखी बाहेर गेली. त्याने खाली पाहिलं, चौदाहून कमी फूट असायला हवे होते तिथे एकोणीस होते. आणखी दोन पावलं. सव्वीस. बोळ तेवढाच होता, भिंती तेवढ्याच होत्या, दार समोर होतं. तो जवळजवळ धावला, आणि डबी त्याच्या हातात घरघरत फिरली. एक्केचाळीस. अठ्ठावन्न. बोटं आता उडदाच्या दाण्याएवढी दिसत होती.

तो थांबला. फीत शंभर फुटांची होती. शंभरानंतर तिचं शेपूट डबीतून सुटतं, हे त्याला ठाऊक होतं.

मागे जाऊन पाहावं, असंही मनात आलं. पण मागे गेल्यावर फीत आणखी सुटली तर? तो जिथे होता तिथेच उभा राहिला. डबी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. फितीतून त्याला तिच्या हाताची बारीकशी थरथर जाणवत होती, नेहमी जाणवायची तशी. ती उभी राहून कंटाळली की वजन या पायावरून त्या पायावर टाकायची, आणि आकडा पाव इंच हलायचा. आताही हलला. त्यावरून त्याने ओळखलं, तिथे तीच आहे.

मग आत, तिच्याही पलीकडे, कुठेतरी एक दार वाजलं. बाहेरून आलेल्या माणसाने लोटावं तसं. आणि एक आवाज आला. थोड्या वेळापूर्वी सोफ्यावर बसवून, हलू नकोस म्हणून बजावून आलेला.

"चिमे, कोण आहे गं?"

"मामा आहे," चिमी म्हणाली. "माप घेतोय."

"अगं मग त्याला पाणी तरी विचारलंस का?"

त्याने तोंडावर हात नेला नाही, कारण दोन्ही हात डबीला होते. नळाने एक थेंब गाळला. दुसरा गाळला. बाहेरच्या गल्लीत ऊन असणार, चादरी वाळत असणार, आणि पलीकडच्या गल्लीत तीन खोल्यांचं एक घर, दार उघडं, सोफ्यासमोर एक कप. फितीवर, त्याच्या अंगठ्याशी, आकडा होता. तो त्याने पाहिला. वाचला मात्र नाही. ओठसुद्धा हलू दिले नाहीत.

"मामा," लांबून, नेहमीच्या कंटाळलेल्या आवाजात चिमी म्हणाली, "सोडू?"

"थांब," तो म्हणाला. "अजून लिहून झालं नाही."